पिल्लू गोधडीवरच का शू करतं?

मागच्या आषाढात आमच्या परभणीच्या घरी गुंडी आली. शेतातल्या आखाड्यावर कापसाच्या बारदान्यात मांजर व्याली होती. एका रात्री ती गेली ती परतलीच नाही, आणि चारांतलं हे एकच पिल्लू हाती लागलं. जेमतेम पाच आठवड्यांचं, तळहातावर मावेल एवढं. आम्ही प्लास्टिकच्या घमेल्यात वाळू भरून कोपऱ्यात ठेवली. पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या रात्री सासूबाई उठून बसल्या, त्यांच्या वाकळीचा एक कोपरा ओलाचिंब झाला होता. घमेलं चार हातांवर आणि त्यातली वाळू कोरडी ठणठणीत!

पावसाळ्यात गल्लीगल्लीत कुणाचं ना कुणाचं लेकरू असं पिल्लू उचलून घरी आणतं. पंधरा दिवसांत मोठी माणसं वैतागतात आणि पिल्लू पिशवीत घालून मंडईत किंवा बसस्टँडवर सोडून येतात. कारण विचारलं तर एकच, "घरभर घाण करतंय." तेवढ्या लहान जिवाला तिथे कुत्र्यांपासून कोण वाचवणार? मला हे फार लागतं, कारण पिल्लू बाहेर शी-शू का करतं याची कारणं मोजकी आहेत. एकेक तपासत गेलं तर बहुतेक घरांत हा प्रश्न काही दिवसांत मिटतो.

उपजत काय आणि शिकावं लागतं ते काय

जन्मल्यावर साधारण तीन आठवडे पिल्लाला आपलं आपण शी-शू करता येत नाही. आई त्याचं पोट आणि शेपटीखालचा भाग चाटते, त्या स्पर्शाने ते मोकळं होतं, आणि ती घाणही आईच चाटून टाकते. चौथ्या आठवड्याच्या आसपास पिल्लाला उकरायची ओढ लागते. भुसभुशीत काही दिसलं की पंजा मारायचा, खड्डा करायचा, बसायचं, वर माती लोटायची. आईविना वाढलेली पिल्लंही हे करतात. घरमांजरांचे पूर्वज पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेच्या कोरड्या मुलखातली जंगली मांजरं, त्यामुळे वाळूची ओळख त्यांना करून द्यावी लागत नाही.

पण उकरायचं कुठे, हे नव्या घरात पिल्लाला ठाऊक नसतं. लग्नघरी आलेल्या तीन वर्षांच्या लेकराला 'लागली' हे कळतं, पण मंगल कार्यालयात मोरी कुठे हे माहीत नसतं, आणि कुणाला विचारेपर्यंत चड्डी ओली होते. पिल्लाचं तसंच आहे. मूत्राशय सुपारीएवढं, धीर धरायची ताकद नाही, आणि शोधायला दोनच साधनं: पायाला लागणारा पोत आणि नाकाला येणारा वास. गोधडी पंजाखाली दबते, उकरता येते, ओल शोषून घेते. पिल्लाच्या पायाला ती वाळूच वाटते. गादी, पायपुसणं, धुण्याचा ढीग, कापसाचं पोतं ही सगळी त्याच गटातली. सासूबाईंवर गुंडीचा काहीएक राग नव्हता. अंधारात सगळ्यात जवळची 'वाळू' तिला तीच सापडली.

ट्रे कसा, आणि त्यात भरायचं काय

मांजराच्या शी-शूसाठी भांड्यात जी भुसभुशीत वस्तू भरतात तिला दुकानदार 'लिटर' म्हणतात, आणि त्या भांड्याला 'लिटर ट्रे'. दुधा-तेलाच्या मापाशी त्याचा संबंध नाही. यापुढे मी नुसतं ट्रे म्हणेन.

ट्रे महाग असायची गरज नाही. मात्र पिल्लासाठी त्याचा एक तरी काठ तीन इंचांपेक्षा उंच नको. आमची पहिली चूक इथेच होती. बांधकामावरच्या घमेल्याचा काठ गुंडीच्या गळ्याएवढा होता, दिवसा ती उडी मारायची, झोपेतून उठल्यावर तिला ते जमेना. मग पंधरा किलोचा तेलाचा प्लास्टिक डबा आडवा कापला, एक बाजू आणखी खाली उतरवली, कापलेली धार बोचू नये म्हणून तिच्यावर जाड चिकटपट्टी लावली. त्या रात्रीपासून निम्मा प्रश्न संपला. मांजर वाढलं की ट्रेही वाढवायचा. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतच्या लांबीच्या दीडपट हवा, म्हणजे आत वळून बसता येतं. घरात एकच मांजर असलं तरी दोन ट्रे ठेवलेले बरे. पुष्कळ मांजरं शू एका जागी आणि शी दुसऱ्या जागी करतात. दुमजली घर असेल तर प्रत्येक मजल्यावर एक.

भरायचं काय, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. बारीक, चाळलेली, कोरडी वाळू उत्तम. दोन-तीन बोटं जाडीचा थर पुरे. अडचण एवढीच की वाळू वास धरते, म्हणून ती लवकर बदलावी लागते. चुलीची राख जुन्या घरांत वापरायचे, पण राख ओली झाली की तिचं क्षारपाणी होतं आणि पिल्लाच्या कोवळ्या पंजांना झोंबतं. शिवाय राखेचे पाय घरभर उमटतात. आरागिरणीचा बारीक भुसा नाका-डोळ्यांत जातो. घ्यायचाच तर जाड, कोरडा, आणि रंग-पॉलिश न लागलेल्या लाकडाचा घ्या. वर्तमानपत्राच्या बारीक पट्ट्या सुरुवातीला चालतात.

"शेतातली काळी माती का नको? फुकट आहे." हे मराठवाड्यात कुणीतरी विचारणारच. काळी माती ओली झाली की फुगते, चिकटते, आणि उन्हाळ्यात भेगाळते, हे आपल्याला सांगायला नको. पहिल्या पावसानंतर आखाड्यावर गेलेल्या माणसाच्या चपलेला विचारा. हा गुण तिच्यातल्या अतिशय बारीक, पाणी पिऊन फुगणाऱ्या चिकणमातीचा आहे. गंमत अशी की दुकानातलं 'गोळा होणारं' लिटर त्याच कुळातल्या खनिजाचं असतं. त्याला बेंटोनाइट म्हणतात, आपल्या देशात ते कच्छमध्ये भरपूर निघतं. १९४७ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एडवर्ड लो यांनी शेजारणीला मांजरासाठी वाळूऐवजी सुकवलेली शोषक माती दिली, आणि तिथून हा धंदा सुरू झाला. गोळा होणारा प्रकार १९८०च्या दशकात आला. शू पडली की तेवढ्याचा घट्ट गोळा होतो, तो झाऱ्याने उचलायचा, बाकीचं कोरडं राहतं.

मोठ्या मांजराला हे सोयीचं आहे, पण पिल्लाला नको. लहान पिल्लू लेकरासारखं सगळं तोंडात घालून बघतं. फुगणारी माती पोटात गेली तर तिथेही फुगू शकते आणि आतड्यात अडकू शकते. म्हणून तीन-चार महिन्यांपर्यंत वाळू, कागद किंवा न फुगणारं लिटरच द्या. शेतातली काळी माती तर ओली झाल्यावर पंजांच्या बेचक्यांत घट्ट बसते, आणि तिच्यात जंतांची अंडी किंवा फवारणीची औषधं असू शकतात. कुंडीतली मातीही याच कारणासाठी टाळा. सुगंधी लिटर आपल्याला छान वाटतं, मांजराला नाही. त्याचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण आहे. अत्तराच्या त्या घमघमाटात त्याला श्वास कोंडल्यासारखं होत असणार.

जागा आणि वेळ

मोरीत ताट घेऊन कुणी जेवायला बसत नाही. मांजरही खाण्या-पिण्याच्या भांड्याजवळ शी-शू करायचं टाळतं. अन्न एका कोपऱ्यात, ट्रे दुसऱ्या कोपऱ्यात. ट्रेची जागा शांत हवी, पण सांदीकोपऱ्यात कोंडलेली नको, कारण त्या अवस्थेत बसलेल्या मांजराला कोण येतंय ते दिसायला हवं. वॉशिंग मशीनशेजारी नको, बोअरच्या मोटारीच्या बटणाखाली नको. आमच्या ओळखीच्या एका घरी मे महिन्यात ट्रे कूलरच्या मागे ठेवला होता. पिल्लू बसलं आणि वीज आली, कूलर धडधडत सुरू झाला. ते पिल्लू पुन्हा त्या कोपऱ्यात फिरकलं नाही. ट्रे नुसता आतल्या खोलीत नेला आणि दोन दिवसांत सगळं सुरळीत झालं.

पहिले आठ-दहा दिवस पिल्लाला सगळं घर मोकळं सोडू नका. एक खोली, तिथेच अंथरूण, पाणी, खाणं आणि ट्रे. ट्रे कायम डोळ्यांसमोर राहिला की शोधाशोध होत नाही. दरवाजा चुकून लागून ट्रे पलीकडे राहिला, हे अपघाताचं फार साधं कारण असतं.

पोटात अन्न पडलं की खालचं आतडं हलायला लागतं. तान्ह्या बाळाला पाजलं की लंगोट बदलावा लागतो तो यामुळेच. पिल्लालाही खाल्ल्यावर अर्ध्या तासाच्या आत लागते. झोपून उठल्यावर आणि धावपळीचा खेळ झाल्यावरही लागते. या तीन वेळा पकडा. अलगद उचलून ट्रेमध्ये ठेवा, बोटाने वाळू थोडी खरवडा आणि बाजूला व्हा. त्याचा पंजा धरून उकरायला लावू नका, ते घाबरतं. जमिनीचा वास घेत गोल फिरायला लागलं किंवा फरशीवर पंजा घासायला लागलं, तर समजा वेळ भरलीय. काम झालं की डोक्यावरून हात फिरवा, उकडलेल्या अंड्याचा कण द्या. गुंडीची पहिली पूर्ण शी कागदात बांधून टाकताना मी तिचा इवला तुकडा ट्रेच्या कोपऱ्यात मुद्दाम ठेवला होता. त्या वासाने तिला 'आपली जागा' कळली. पण तेवढंच. ट्रे रोज दोनदा साफ हवा; घाणीने भरलेल्या ट्रेवर पाय ठेवायला मांजर तयार नसतं.

पुसलं तरी पुन्हा तिथेच का?

कारण आपल्या नाकाला वास गेला, त्याच्या नाकाला नाही. मांजराच्या लघवीतला युरिया जिवाणू फोडतात आणि अमोनियाचा झणका येतो. तो पाण्याने जातो. पण युरिक आम्लाचे खडे पाण्यात नीट विरघळत नाहीत, ते फरशीच्या फटीत आणि गादीच्या कापसात राहतात, आणि दमट हवेत वास पुन्हा वर येतो. पिल्लाला ती खूण म्हणजे पाटी लावल्यासारखी वाटते.

हा वास घालवायला एन्झाइम लागतात, म्हणजे मोठे रेणू तोडणारी प्रथिनं. मटण शिजायला कच्ची पपई लावतो, तिथे हेच काम चालतं. पाळीव प्राण्यांच्या लघवीसाठीची एन्झाइमची बाटली मिळाली तर उत्तम. नाही तर एन्झाइम असलेली कपडे धुण्याची पावडर कोमट पाण्यात कालवा. युरिक आम्लाचे खडे ती पूर्ण तोडत नाही, पण धुऊन पुष्कळ कमी करते. आधी रद्दी दाबून ओल टिपून घ्या. घासलं तर पसरते. मग ते पाणी टाकून पंधरा मिनिटं ओलं राहू द्या. आपण तिथेच चुकतो, टाकतो आणि लगेच पुसतो. कढत पाणी ओतू नका, एन्झाइम त्यात निकामी होतात. नंतर साध्या पाण्याने पुसून उन्हात वाळवा. जुने डाग सापडत नसतील तर नोटा तपासायची जांभळी टॉर्च अंधारात फिरवून बघा, वाळलेली लघवी चमकते.

आपल्याकडच्या बऱ्याच घरांत शहाबादी फरशी असते. ती चुनखडीची. तिच्यावर व्हिनेगर, लिंबू किंवा संडासचं ॲसिड टाकाल तर फरशी फसफसते, खडबडीत होते आणि पुढची लघवी आणखी खोल मुरते. सिरॅमिक टाइलवर पातळ केलेलं व्हिनेगर चालेल, शहाबादीवर आणि कडप्प्यावर नाही.

आता फिनेल. शी दिसली की फिनेल, हा आपला हात आपोआप जातो. कृपा करून थांबा. काळ्या फिनेलमध्ये फिनॉलच्या कुळातली रसायनं असतात. माणसाचं यकृत ती बऱ्यापैकी निकामी करतं, मांजराच्या यकृतात ती सोय जवळजवळ नाही. फिनेलच्या फरशीवरून चाललेलं मांजर बसून पंजे चाटतं आणि ते विष पोटात जातं. पाण्यात टाकल्यावर दुधासारखी पांढरी होणारी पाइन तेलाची किंवा जखमांची जंतुनाशकंही याच कारणाने नकोत. ब्लीचिंग पावडर लघवीवर टाकली तर घशाला झोंबणारा विषारी वायू निघतो. डांबरगोळ्या ठेवून मांजराला 'त्या कोपऱ्यातून हाकलणं' हे तर सरळ विषप्रयोगासारखं आहे.

"एवढं धुवायला पाणी कुठून आणायचं?" हाही प्रश्न खरा आहे. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं, आणि टँकरची वाट बघणं आपल्या कितीतरी गावांना नवीन नाही. पण टिपून घेतलं तर एका जागेला दोन तांब्यांपेक्षा जास्त पाणी लागत नाही. आणि वाळूचा ट्रे एकदा रुळला की रोजच्या सफाईला पाणी जवळजवळ लागतच नाही.

"दोन रट्टे दिल्याशिवाय कळत नाही त्याला"

वाकळ भिजली त्या सकाळी शेजारच्या काकू म्हणाल्या, "त्याचं नाक एकदा त्यात घासा, बघा कसं सुधरतंय." त्यांचा हेतू वाईट नव्हता, त्यांनी आजवर असंच पाहिलेलं. पण आता मारलेला रट्टा मघाच्या शूसाठी आहे, असा हिशोब पिल्लाला जुळवता येत नाही. त्याला एवढंच कळतं की हे माणूस जवळ आलं की दुखतं. मग ते तुमच्यासमोर शी-शू करायचं सोडतं आणि कपाटामागे, पलंगाखाली जाऊन करतं. ट्रेमध्ये तुमच्यासमोर बसायलाही ते भ्यायला लागतं, म्हणजे जे शिकवायचं तेच हातचं जातं. चुकीच्या जागी बसताना दिसलंच तर न ओरडता उचला आणि ट्रेमध्ये ठेवा.

पोट बिघडलं असेल तर ट्रेचा काय दोष?

पिल्लू आणलं की आपण पहिल्यांदा काय करतो? बशीत दूध, त्यात भाकरी कुस्करून. गुंडीला मीही तेच दिलं. आईचं दूध सुटत जातं तशी दुधातली साखर पचवायची पिल्लाची क्षमता कमी होत जाते. गायी-म्हशीचं दूध आतड्यात आंबतं आणि पातळ जुलाब होतात. शेळीच्या दुधातही तीच साखर असते. जुलाब लागलेल्या पिल्लाला ट्रेपर्यंत पोहोचायला वेळच मिळत नाही. खाऊ लागलेल्या पिल्लाला दूध लागत नाही. पाणी, आणि मांसाहार: उकडलेलं अंडं, हाड काढलेलं चिकन, पिल्लांसाठीचं तयार खाणं. मीठ, कांदा, लसूण नको. दूध बंद केल्यावर तिसऱ्या दिवशी गुंडीची शी बांधून यायला लागली. अजून दूध पिणारं अगदी तान्हं पिल्लू असेल तर त्याच्यासाठी वेगळी दूध पावडर मिळते, ती डॉक्टरांना विचारून द्या.

दुसरं कारण जंत. ते आईच्या दुधातूनही येतात, म्हणून घरात जन्मलेल्या पिल्लालाही औषध लागतं. आपल्याकडे लोक ज्याला 'ढोराचा दवाखाना' म्हणतात, तो सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना मांजरालाही तपासतो. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, जवळपास राहत असाल तर तिथेही जाता येतं. जंताचं औषध वजन करून देतात, अंदाजाने देऊ नका. त्याच फेरीत लसींचंही विचारून घ्या.

काही वेळा मात्र उद्यावर ढकलू नये. जुलाबाबरोबर उलट्या आणि पिल्लू गळून गेलंय, शीमध्ये रक्त आहे, किंवा मांजर पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जाऊन कुंथतंय, ओरडतंय आणि शू होत नाहीय. बोक्यांमध्ये मूत्रमार्ग तुंबतो, आणि दोन दिवसांच्या आत जीव जाऊ शकतो. लोक याला बद्धकोष्ठता समजून एरंडेल पाजतात. तसं करू नका, आणि ताप-दुखण्याची पॅरासिटॅमॉलची गोळी तर चुकूनही नको. तिचा लहानसा तुकडाही मांजराला मारतो.

घरात बाई गरोदर असेल तर?

भीती टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीची असते, आणि ती निराधार नाही. पण मांजर घराबाहेर काढायची गरज नाही. मांजराच्या शीतून पडलेला हा परजीवी माणसाला बाधायला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून शी रोज उचलली की धोका खूप कमी होतो. ते काम घरातल्या दुसऱ्या कुणी करावं, दुसरं कुणी नसेल तर हातमोजे घालून करावं आणि हात साबणाने धुवावेत. मांजराला कच्चं मटण देऊ नये. हाच परजीवी माती लागलेल्या भाजीतून आणि अर्धवट शिजलेल्या मटणातूनही येतो, तिकडेही तेवढंच लक्ष हवं.

भिंतीवर उडवतो तो बोका

पाच-सहा महिन्यांनंतर बोका भिंतीला पाठ करून, शेपूट उभी थरथरवत पिचकारी मारू लागला, तर तो वेगळा विषय. ती हद्दीची खूण असते, ट्रेशी तिचा संबंध नाही. नसबंदीने बहुतेक बोक्यांमध्ये ती थांबते. भाटीचीही नसबंदी करा, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात पिशवीत घालून सोडायला पिल्लंच उरणार नाहीत.

"खेड्यात मांजर बाहेरच जातं, मग हा व्याप कशाला?"

मोठं मांजर जातं, खरं आहे. पण दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला कुत्री, रस्ता आणि शेतात ठेवलेलं उंदराचं औषध यातलं काहीच ओळखता येत नाही. तोवर घरात ट्रे हवाच. पुढे त्याने अंगणात जावं असं वाटत असेल तर लस आणि नसबंदी झाल्यावर ट्रे दाराकडे सरकवत न्या. एकदम उचलून बाहेर ठेवला तर पिल्लू जुन्याच कोपऱ्यात जाऊन बसेल. आम्ही रोज वीतभर सरकवला. खोलीच्या कोपऱ्यातून उंबऱ्यापर्यंत यायला सतरा दिवस लागले, मग ओसरीत चार दिवस, मग पेरूच्या झाडाखाली त्यातलीच वापरलेली मूठभर वाळू टाकली. आता गुंडी तिथेच जाते. पावसाच्या रात्री मात्र ती ओसरीतल्या जुन्या डब्यात शिरते, आणि वाळू उकरल्याची खरखर सासूबाईंना त्यांच्या अंथरुणावरून ऐकू येते.